पायरेट्सची मॅच रोज बघायची, की फक्त स्कीन्सच्या दिवशी?

भालाफेक_वर्तकनगर
शनिवार, २६ एप्रिल २०२५, सकाळी ११:१०

प्रश्न सरळच विचारतो. पिट्सबर्ग पायरेट्सची मॅच रोज बघावी, की त्यांचा पिचर (चेंडू फेकणारा) पॉल स्कीन्सची पाळी असेल त्या दिवशीच? म्हणजे पाच-सहा दिवसांतून एकदा. ठाणे-नवी मुंबईत बेसबॉल बघणारे थोडे आहेत, पण जे आहेत ते इथे येतात हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे. सीझन सुरू होऊन महिना व्हायचाय आणि माझा जीव आत्ताच मेटाकुटीला आलाय.

आज मात्र आनंद झालाय, तो आधी सांगतो. लॉस एंजेलिस डॉजर्सना त्यांच्याच मैदानात ३-० हरवलं. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ, आपल्याकडे शनिवार सकाळचे ७:४०. त्यांच्याकडून यामामोटो, आमच्याकडून स्कीन्स. गेल्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकलेली टीम, ओतानीसारखा बॅटर, आणि स्कीन्सने सहाहून जास्त इनिंग टाकून त्यांना एक रन करू दिली नाही.

मी शाळेत भाला फेकायचो. आंतरशालेय स्पर्धांसाठी दादोजी कोंडदेव स्टेडियमवर जाणं व्हायचं. त्यामुळे माझी नजर अजूनही बॅटरकडे कमी आणि फेकणाऱ्याच्या पुढच्या पायाकडे जास्त जाते. स्कीन्सचा डावा पाय जमिनीत रोवला जातो, गुडघा ताठ होतो, कंबर तिथेच अडते आणि मागून आलेला सगळा वेग खांद्यातून हातात जातो. भाल्याच्या सरांचं रोजचं ओरडणं हेच असायचं, ‘पाय ब्लॉक कर, पाय ब्लॉक कर’. या माणसाचा पाय दर चेंडूला तसाच ब्लॉक होतो. सरळ फास्टबॉल ताशी १०० मैलांच्या आसपास, म्हणजे १६० किलोमीटर. त्याचा तो स्प्लिंकर नावाचा चेंडू १५० किलोमीटरने येतो आणि बॅटरने बॅट काढली की खाली बसतो. पिचर आणि होम प्लेटमध्ये अंतर साडेसाठ फूट. क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही कमी. हे बघायला मी रात्री कितीही वाजता उठेन.

पायरेट्सच का, हे लोक विचारतातच. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन मुलांना पायरेट्सने करारबद्ध केलं. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या टीमशी करार करणारे ते पहिले भारतीय. दोघंही मुळात भालाफेकपटू. मी तेव्हा शाळेत होतो, भाला हातात होता, ती बातमी वाचली आणि ही टीम माझी झाली. ते दोघं मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत. मी मात्र तिथेच राहिलो.

आता या महिन्याचं ऐका. पहिली मॅच मायामीत. स्कीन्स आघाडी देऊन बाहेर आला आणि शेवटच्या इनिंगमध्ये ५-४ हरलो. त्याच मॅचमध्ये आमच्या निक गोन्झालेझने होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखा) मारला आणि लंगडत लंगडत चारही बेस पार केले. घोट्याचं हाड मोडलेलं निघालं. मायामीतल्या चार मॅचपैकी तीन हरलो, तिन्ही शेवटच्या फटक्याला किंवा शेवटच्या चेंडूला. शेवटची इनिंग टाकायला येतो तो डेव्हिड बेडनार पिट्सबर्गच्या जवळचाच मुलगा, त्याला एक एप्रिलला खालच्या लीगमध्ये पाठवलं. आता परत आणलाय. आमचा दुसरा तरुण पिचर जॅरेड जोन्स, त्याचं कोपर सीझनच्या आधीच गेलं. गेल्या वर्षी स्कीन्स आणि जोन्स ही जोडी बघून मी दहा जणांना सांगत सुटलो होतो की आमचे दिवस येणार.

हरण्याचं मी सहन करतो. मला खरं लागलंय ते भिंतीचं. पीएनसी पार्क या आमच्या घरच्या मैदानात उजव्या बाजूच्या भिंतीवर रॉबर्टो क्लेमेंटे या जुन्या थोर खेळाडूच्या २१ नंबरची खूण होती. ती काढून तिथे दारूची जाहिरात लावली. क्लेमेंटेच्या मुलाने नाराजी जाहीर केली, शहर पेटलं, मग क्लबने माफी मागून खूण परत लावली. आणि विटा! मैदान बांधताना लोकांनी पैसे देऊन आपल्या माणसांची नावं विटांवर कोरून घेतली होती. कुणाचे आजोबा, कुणाचे वडील. त्या विटा उखडून भंगारात टाकलेल्या सापडल्या. अहो, नाव कोरलेली वीट आहे ती! घरच्या मैदानातली पहिली मॅच ४ एप्रिलला झाली, यांकीजकडून ९-४ हरलो, आणि मैदानातले लोक ‘टीम विका’ असं ओरडत होते. मी इथे वर्तकनगरमध्ये बसून त्यांच्यासोबत ओरडलो असतो, पण घरचे झोपले होते.

पैशांचं गणित तर सगळ्यांना ठाऊक आहे. बेसबॉलमध्ये पगारावर पक्की मर्यादा नाही. डॉजर्सने ओतानीला १० वर्षांचे ७० कोटी डॉलर कबूल केले. पायरेट्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा, ८ वर्षांचे १० कोटी ६७ लाख. स्कीन्स लीगच्या किमान पगाराच्या आसपास खेळतोय. २०२९ चा सीझन संपला की तो दुसरीकडे जायला मोकळा. तोपर्यंत त्याच्याभोवती टीम उभी केली नाही तर काय होणार हे लहान मूलही सांगेल.

पिट्सबर्गमधली रात्रीची मॅच ६:४० ला, म्हणजे आपल्याकडे पहाटे ४:१०. हल्ली पिच क्लॉकमुळे (चेंडू टाकायला ठरलेली वेळ) पावणेसातपर्यंत संपते, मग आंघोळ, रिक्षा, ठाणे स्टेशन, ट्रान्स-हार्बरची गाडी, घणसोली. ऑफिसात दुपारी तीननंतर डोळे मिटायला लागतात. आई साडेपाचला दूध तापवायला उठते आणि विचारते, ‘आज तो मिशीवाला आहे का?’ म्हणजे स्कीन्स. नाही म्हटलं की म्हणते, ‘मग झोप की जरा.’ तिचं बरोबर आहे का, एवढंच सांगा.

खारघर_डॉजर
शनिवार, २६ एप्रिल २०२५, सकाळी ११:४८

आजच्याबद्दल अभिनंदन. आमचे बॅटर हतबल दिसत होते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तुमची आई बरोबर बोलतात. मी डॉजर्सचा, तरी स्कीन्सची मॅच सोडत नाही. गेल्या वर्षी ५ जूनला पिट्सबर्गमध्ये त्याने ओतानीला पहिल्यांदा चेंडू टाकले. तीन चेंडू, तिन्ही १०० मैलांच्या वर, तिन्हीवर बॅट फिरली आणि आउट. दोन इनिंगनंतर तसाच १०० चा चेंडू ओतानीने प्रेक्षकांत भिरकावला. अशी लढत वर्षातून किती वेळा बघायला मिळते? तेवढी बघा. बाकीच्या दिवशी स्कोअर वाचा आणि झोपा.

एक सांगतो, राग मानू नका. एप्रिलवर विश्वास ठेवू नका, चांगल्या एप्रिलवर तर अजिबात नाही. २०२३ मध्ये पायरेट्सची सुरुवात २०-८ होती, म्हणजे २० जिंकल्या, ८ हरल्या. तेव्हाही तुमच्यासारखे लोक प्लेऑफची स्वप्नं बघत होते. शेवट झाला ७६-८६. २०२४ मध्ये पहिल्या पाचही मॅच जिंकल्या, ऑगस्टमध्ये सलग दहा हरलात, शेवट परत ७६-८६. टीमची खोली, म्हणजे मागच्या फळीतल्या खेळाडूंचा दम, एप्रिलमध्ये कळत नाही, ऑगस्टमध्ये कळते. आणि खोली पैशांनी येते.

कळव्याचा_पलटण
शनिवार, २६ एप्रिल २०२५, दुपारी १२:३०

मला बेसबॉल फारसं कळत नाही, पण खराब सुरुवात आम्हाला विचारा. मुंबई इंडियन्सने या वर्षी पहिल्या पाचपैकी चार हरल्या. सोसायटीच्या ग्रुपवर लोकांनी श्रद्धांजली वाहिली होती. आता सलग चार जिंकल्यात, उद्या वानखेडेवर लखनौ. २०१५ ला तर पहिल्या चारही हरलो होतो आणि कप घरी आणला. तुमच्याकडे १६२ मॅच आहेत, आमच्याकडे १४. तुम्हाला सावरायला केवढा वेळ आहे!

भालाफेक_वर्तकनगर
शनिवार, २६ एप्रिल २०२५, दुपारी १२:५२

@कळव्याचा_पलटण, वेळ आहे हे खरं. २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स पन्नास मॅचनंतर १९-३१ होते आणि वर्ल्ड सिरीज जिंकले. पण त्यांच्याकडे शेर्झर, स्ट्रासबर्ग, कॉर्बिन असे तीन पिचर होते आणि रेंडॉन, सोटो असे बॅटर. आणि मुंबई इंडियन्सचा मालक पैसे काढायला मागेपुढे बघत नाही. माझं दुखणं तिथे आहे. मी सावरण्याची वाट बघायला तयार आहे, पण सावरावं असं वरच्या माणसाला वाटतंय का?

@खारघर_डॉजर, राग कसला. २०२३ च्या त्या २०-८ वर मी अजून चिडलेला आहे.

नेरुळचे_आजोबा
शनिवार, २६ एप्रिल २०२५, दुपारी ४:१५

मी या मैदानात बसून मॅच पाहिलेली आहे, म्हणून लिहितो.

मुलगी पिट्सबर्गला शिकत होती तेव्हा आम्ही दोघं उन्हाळ्यात तिच्याकडे राहिलो. सुरुवातीला आमचं जाणं म्हणजे पेन हिल्सचं वेंकटेश्वराचं मंदिर आणि वाणसामान. एका संध्याकाळी ती पीएनसी पार्कला घेऊन गेली. मॅचच्या दिवशी नदीवरचा क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद करतात. सगळं गाव पिवळे-काळे कपडे घालून पुलाच्या मधोमध चालत येतं, लहान मुलं बापाच्या खांद्यावर. आत बसलं की समोर नदी, पूल आणि त्यामागे शहराच्या इमारती. हिला नियम काही कळले नाहीत, पण ती शेवटपर्यंत उठली नाही.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. उजवीकडची ती भिंत २१ फूट उंच का, ते त्यांनी आम्हाला सांगितलं. क्लेमेंटेचा नंबर २१ म्हणून. पोर्तो रिकोचा माणूस, बरोबर ३,००० हिट. १९७२ च्या डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. मदतीचं सामान नीट पोचत नाही म्हणून ३१ डिसेंबरला स्वतः विमानात बसला, आणि ते विमान समुद्रात पडलं. वय ३८. हे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज बदलला होता. त्यामुळे त्या भिंतीवर जाहिरात लावल्याचं वाचलं तेव्हा मलाही फार वाईट वाटलं. तुमचा राग योग्य आहे, तो कमी करू नका.

आता रोज बघावं का. पायरेट्स १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं जिंकलेल्यांपेक्षा जास्त मॅच हरले. अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या खेळात कुठल्या टीमच्या वाट्याला सलग एवढी वर्षं आलेली नाहीत. मग २०१३ च्या १ ऑक्टोबरला वाइल्ड कार्डची, म्हणजे प्लेऑफमधली एकाच मॅचची फेरी झाली, घरच्या मैदानात, सिनसिनाटीविरुद्ध. सगळं मैदान काळ्या कपड्यांत. लोकांनी समोरच्या पिचरच्या नावाचा घोष सुरू केला, ‘क्वेऽऽटो, क्वेऽऽटो’. त्याच्या हातातून चेंडू निसटून खाली पडला, आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. ती मॅच जिंकलो. तिथे ओरडणाऱ्यांत वीस वर्षं रोज हरताना बघितलेले लोक होते. त्यांना जे मिळालं ते फक्त मोठ्या दिवशी येणाऱ्याला मिळालं असेल असं मला वाटत नाही.

तब्येत सांभाळून बघा, एवढंच माझं म्हणणं. पहाटेची मॅच कानात लावून ऐका. रेडिओवर बेसबॉल फार छान लागतं, त्याची गती ऐकण्याचीच आहे.

शॉर्टस्टॉप_कोपरखैरणे
शनिवार, २६ एप्रिल २०२५, सायंकाळी ६:४०

मी कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, विद्यापीठाच्या टीमपर्यंत. माझं उत्तर: रोज बघा, पण एका मॅचमध्ये एकच गोष्ट बघा.

स्कीन्सच्या दिवशी सगळं त्याच्याभोवती फिरतं, त्यामुळे टीम दिसतच नाही. दुसरा पिचर मिच केलर असेल त्या दिवशी दिसते. त्याचा चेंडू मारला जातो, त्यामुळे मागे उभ्या असलेल्यांना काम असतं. ओनील क्रूझकडे बघा. साडेसहा फुटांहून उंच माणूस, इतकी वर्षं शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे) होता, आता सेंटर फील्डला, लांब मागे मधोमध, टाकलाय. शॉर्टस्टॉपला चेंडू तुमच्यावर येतो. सेंटरला बॅटचा आवाज झाल्याबरोबर पहिलं पाऊल मागे की पुढे हे ठरवावं लागतं, आणि ते चुकलं की तुमच्या मागे कुणी नाही. तो ते सगळ्यांसमोर शिकतोय. कधी भलताच धावतो, कधी चुकून तिसऱ्या ढांगेत सावरतो. मैदानाच्या टोकावरून बेसकडे फेकतो तेव्हा तुमच्यासारख्या भालाफेकवाल्याने तर उठून उभं राहायला हवं. हे पाचव्या दिवशीच टीव्ही लावणाऱ्याला कधी दिसणार?

तसंच बेडनार. खालच्या लीगमधून परत आलेला, स्वतःच्या गावात, नवव्या इनिंगला. त्याची पहिली दोन पिच बघा, हात मोकळा सुटतोय की नाही ते कळतं. मला यात स्कीन्सइतकाच रस आहे.

आशेचं म्हणाल तर बब्बा चँडलर हा तरुण पिचर. इंडियानापोलिसला आहे, मेजरच्या एक पायरी खाली, आणि ताशी १०० मैलांच्या आसपास टाकतो. त्याला वर आणतील तेव्हा पाचपैकी दोन दिवस तुमचे होतील. आणि अँड्र्यू मक्कचन! ३८ वर्षांचा, २०१३ चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), क्लबने दुसऱ्या टीमला देऊन टाकल्यावरही परत आलेला. पायरेट्ससाठी क्लेमेंटेचे २४० होमरन आहेत, मक्कचनला तिथे पोचायला आता थोडेच हवेत. ज्या सीझनमध्ये भिंतीवरून २१ काढला त्याच सीझनमध्ये तो आकडा गाठला जाणार. तो होमरन स्कीन्सच्याच दिवशी येईल असं थोडंच आहे?

खारघर_डॉजर
शनिवार, २६ एप्रिल २०२५, सायंकाळी ७:०५

मक्कचनचा मुद्दा मान्य. तो होमरन मीही बघेन. झोपेबद्दलचं मत मात्र कायम.

भालाफेक_वर्तकनगर
शनिवार, २६ एप्रिल २०२५, रात्री ९:२०

आजोबा, तुमचं वाचून आईलाही वाचून दाखवलं. तिला क्लेमेंटे माहीत नव्हता. भिंतीचं आणि विमानाचं ऐकल्यावर म्हणाली, जाहिरात लावणाऱ्याला कुणी विचारलं कसं नाही. तिला सांगितलं, त्याच्या मुलाने विचारलं.

ताई, तुमचं पटलं, आणि का पटलं ते लिहितो. मी दिवसभर स्वतःला सांगत होतो की क्लब खर्च करत नाही तर मी माझी झोप का खर्च करू. पण झोप मी क्लबसाठी मोडतच नव्हतो. क्रूझ सेंटर फील्डला शिकतोय त्यात त्याचा काय दोष? बेडनारचा काय? मक्कचनने तर दुसरीकडे आरामात खेळून निवृत्त व्हायचं, तो इथे आलाय. मालकावरचा राग मी यांच्यावर काढत होतो. आणि फक्त स्कीन्स बघत राहिलो तर २०२९ नंतर तो ज्या टीमकडे जाईल तिकडे मलाही जावं लागेल. ते मला जमणार नाही.

तेव्हा असं ठरवलंय. स्कीन्सची मॅच कितीही वाजता असो, बघायची. रविवारची घरच्या मैदानातली दुपारची मॅच आपल्याकडे रात्री ११:०५ ला असते, तीही पूर्ण. पहाटे ४:१० वाली आजोबा म्हणतात तशी ऐकायची, पण पाचव्या इनिंगपासून, म्हणजे साडेपाचला आईबरोबर उठून. उरलेली गाडीत. घणसोलीपर्यंत नेटवर्क बरं असतं.

उद्या सकाळी परत डॉजर्स. स्कीन्स नाही. बघणार आहे.

@शॉर्टस्टॉप_कोपरखैरणे, तुम्ही अजून खेळता का? मला भाल्याशिवाय काही फेकता येत नाही, पण शिकायची फार इच्छा आहे. इकडे ठाण्यात कुणी सापडलं नाही.

शॉर्टस्टॉप_कोपरखैरणे
शनिवार, २६ एप्रिल २०२५, रात्री ९:४६

आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी आमच्या सेक्टरच्या मैदानात फेकाफेकी करतो, क्रिकेटवाले यायच्या आत. बहुतेक सॉफ्टबॉलचे जुने खेळाडू आहेत, दोन शाळकरी मुलीही येतात. उद्या तुमची मॅच आहे, पुढच्या रविवारी या. जागा व्यक्तिगत निरोपात कळवते. ग्लव्ह विकत घेऊ नका, माझ्याकडे जास्तीचे दोन आहेत. उजव्या हाताने फेकत असाल तर ग्लव्ह डाव्या हातात लागेल, नवीन येणारे हमखास उलटा मागतात. आणि भालाफेकवाल्यांचं कोपर सुरुवातीला फार वर राहतं, तेव्हा पहिले काही आठवडे जोर लावायचा नाही, नुसतं छातीवर फेकायचं. चालेल?

भालाफेक_वर्तकनगर
शनिवार, २६ एप्रिल २०२५, रात्री ९:५१

चालेल. उजव्या हाताने फेकतो. येतो.